टायमिंग बेल्टची तारीख इंजिनावर लिहा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत नुकतेच एका गृहस्थांनी लिहिले होते की गाडीचे इंजिन घरी उघडणे हा शुद्ध आततायीपणा आहे आणि टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या, कामाला तर घरच्या माणसाने हातही लावू नये. त्यांची काळजी खोटी नाही. पण महत्त्वाचे ते त्यांच्या पत्रात राहून गेले, म्हणून हे लिहिते आहे. बेल्ट पोर्चमध्ये बदलला की गॅरेजात, याने इंजिनाला काही फरक पडत नाही. तो मोजून बसवला का, त्याच्यासोबत काय काय बदलले आणि ते कुठे लिहून ठेवले का, यावर सगळे अवलंबून असते. आपल्या नाशिकमध्ये पंधरा-पंधरा वर्षांच्या गाड्या या हातातून त्या हातात जातात आणि या तीन गोष्टींचा कागद बहुतेक वेळा कुणाकडेच नसतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. लाइनवरचे टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून आवळायचे पाने, वेळच्या वेळी कॅलिब्रेट होतात की नाही हे पाहणे माझे रोजचे काम. घरी २००९ ची लोगन डिझेल आहे, सेकंडहँड घेतलेली. ही गाडी तशी सातपूरचीच लेक. २००७ मध्ये महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून ती आणली, इथल्या महिंद्राच्या कारखान्यात ती तयार व्हायची. २०१० मध्ये भागीदारी संपली आणि २०११ पासून ती व्हेरिटो नावाने विकली गेली. तिच्यातले रेनोचे १.५ लिटर डिझेल इंजिन पुढे डस्टरमध्ये आणि निसानच्या सनी-मायक्रामध्येही आले. इंजिन उत्तम आहे, ॲव्हरेज चांगला देते, नीट ठेवले तर वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. पण त्याचे टायमिंग बेल्टवर आहे, आणि चालू गाडीत तो बेल्ट तुटला तर इंजिनाचे काही खरे नाही.

का, ते थोडक्यात सांगते. पिस्टन खालच्या क्रँकशाफ्टला (क्रँकच्या दांड्याला) जोडलेले असतात आणि व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, वरचा कॅमशाफ्ट (कॅमचा दांडा) उघडतो. दोघांना बांधून ठेवतो तो हा दातेरी बेल्ट. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी, हे गणित एका दातानेही चुकून चालत नाही. गाडी ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, असली तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे हवेची दाबणी, जास्त, त्यामुळे पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर फारशी जागा उरत नाही. त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन सरळ त्यावर आदळतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांना हे पटकन कळेल: सुईचे आणि खालच्या हुकाचे टायमिंग हलले की सुई हुकावर आपटून मोडते. मशीनची सुई बदलता येते. इंजिनाचे मात्र व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते, कधी पिस्टनलाही मार बसतो, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत, तिथे गाडी नुसती बंद पडते. डिझेलवाल्यांनी ती आशा धरू नये.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो, हेही सांगायला हवे. जुनी मारुती ८००, ओम्नी, सँट्रो, डिझेल इंडिका, लोगन-व्हेरिटो, डिझेल डस्टर, २.५ लिटर डिझेल इनोव्हा यांना बेल्ट आहे. इनोव्हात तर त्यासाठी डॅशबोर्डवर वेगळा दिवाच दिला आहे. १.३ लिटर डिझेल स्विफ्टला आणि मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना चेन आहे. आपल्या गाडीला काय आहे हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात पाहावे, आणि किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा तेही तिथेच पाहावे. या दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचे. लोक नेमके इथेच फसतात. बेल्ट म्हणजे रबर, त्याच्या पोटात काचेच्या तंतूंचे धागे आणि दातांवर नायलॉनचे कापड. इंजिनाच्या उष्णतेने तो गाडी कमी चालली तरी म्हातारा होतोच. "डॉक्टरांची गाडी आहे, फक्त हॉस्पिटल ते घर चाललीय" हे विकणाऱ्याचे वाक्य बाकी सगळ्या बाबतींत कौतुकाचे असेल, बेल्टच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. शिवाय हा बेल्ट झाकणाच्या आत असतो. बोनेट उघडून दिसत नाही, तुटण्याआधी बहुधा आवाजही करत नाही.

आमची गाडी घेताना विकणारा म्हणाला, "ताई, बेल्ट नवीन टाकलाय, बघायचं कामच नाही." बिल मागितले तर गॅरेजवाल्याने दिले नव्हते. तारीख विचारली तर "मागच्या दिवाळीच्या आसपास". शेजारचे अण्णा एका कारखान्याच्या टूलरूममधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणाले, आपण झाकण काढून बघू, बघायला पैसे पडत नाहीत. वरचे झाकण काढले. बेल्ट खरोखर नवा होता, पाठीवरची छापील अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. त्याच्या शेजारचा टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, मात्र गंजून तांबडा झालेला, आणि पाण्याच्या पंपाखाली वाळलेल्या कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढुरका पापुद्रा. म्हणजे ज्याने कुणी काम केले त्याने सगळा खटाटोप करून फक्त रबर बदलले होते.

पुढे काम काढल्यावर तो टेन्शनर हातात आला तेव्हा अण्णांनी माझ्या मुलीला जवळ बोलावले. एका हातात जुना, एका हातात नवा. "दोन्ही बोटाने फिरव आणि सांग, चांगला कुठला?" तिने जुना फिरवला, तो भिरभिर फिरत राहिला. नवा जेमतेम अर्धा वळसा जाऊन थांबला. ती म्हणाली, "जुनाच मोकळा फिरतोय की!" अण्णांनी जुना तिच्या कानाजवळ धरून पुन्हा फिरवला. आतून कोरडा, वाळू घासल्यासारखा आवाज. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेले असते म्हणून ते जडसर फिरते. मोकळे फिरते आहे म्हणजे आतले ग्रीस गेले आहे. हे बेअरिंग जाम झाले की नवा कोरा बेल्टही त्याच्यावर घासून काही किलोमीटरात संपतो. पाण्याच्या पंपाचेही तसेच. आमच्या इंजिनात पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणजे पंपाचे बेअरिंग अडकले की बेल्ट गेला, आणि पंपाची सील गळू लागली की कुलंट बेल्टवर. म्हणून सांगते, बेल्ट एकटा बदलायचा नाही. बेल्ट, टेन्शनर, जिथे आयडलर (बेल्टला वळण देणाऱ्या नुसत्या फिरत्या पुल्या) असतील तिथे तेही, बेल्टवर फिरणारा पंप, आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील ओलसर दिसले तर तेही, सगळे एका वेळी. मजुरी झाकणे आणि पुल्या उतरवण्याची असते, ती एकदाच द्यावी लागते.

यात एक भाग लोक हमखास विसरतात, तो बाहेरचा बेल्ट. अल्टरनेटर, एसी फिरवणारा, ज्याला आपण सरसकट फॅन बेल्ट म्हणतो तो. माझ्या मावसभावाकडे याच इंजिनाची गाडी होती. मुंबईहून येताना कसारा घाट चढतानाच ती बंद पडली, पुन्हा सेल्फ मारला तर इंजिन धड फिरेना. टायमिंग बेल्ट बदलून फार काळ झाला नव्हता, त्यामुळे तो बिचारा चक्रावला. उघडल्यावर क्रँकच्या पुलीमागे काळ्या धाग्यांचा गुंता निघाला. बाहेरचा बेल्ट कडेने उसवला होता, त्याचे सुटलेले धागे पुलीमागून झाकणाच्या आत ओढले गेले आणि टायमिंग बेल्टने दात सोडले. व्हॉल्व्ह वाकले. या इंजिनात हे घडते हे जाणकार मिस्त्रींना ठाऊक आहे, म्हणूनच बाहेरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनरही त्याच वेळी बदलायचा असतो. घाटात बाजूला तरी घेता आली. समृद्धीवर इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात मधोमध इंजिन असे गेले असते तर?

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये आम्ही ते केले. सुटे भाग द्वारकेकडच्या दुकानातून, सीलबंद खोक्यातला पूर्ण संच घेतला आणि खोक्यावरचा नंबर इंजिनाच्या नंबराशी ताडून पाहिला. रात्रभर गाडी उभी होती, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात केली, कारण बेल्टचा ताण थंड इंजिनावरच लावायचा असतो. बॅटरीची वायर काढली. उजवे पुढचे चाक काढले, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही हात घालू नये, एवढे मी हात जोडून सांगते. उजव्या बाजूचे इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा आधार, सोडावे लागते, तेव्हा इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या जॅकचा आधार दिला.

क्रँक पुलीचा बोल्ट भयंकर घट्ट असतो. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून मुलीला ब्रेक दाबून बसवले आणि अण्णांनी लांब दांड्याच्या गोटी पान्याने तो सोडवला. टायमिंगची लॉकिंग पिन लावून तिच्या जोरावर हा बोल्ट सोडवणारे मी पाहिले आहेत. पिन फक्त जागा दाखवण्यासाठी असते, जोर झेलण्यासाठी नव्हे. ती वाकली की मोजमाप गेले.

टायमिंगच्या जागेसाठी या इंजिनाला दोन पिना लागतात. एक ब्लॉकमधला प्लग काढून आत फिरवायची, क्रँक तिच्यावर येऊन टेकतो. दुसरी ८ मिलिमीटरची, कॅमच्या पुलीच्या भोकातून हेडमधल्या भोकात जाते. क्रँक हळूहळू फिरवत आणला, मुलगी टॉर्च धरून वाकून बघत होती. दोन्ही भोके एका रेषेत आली आणि पिन कसलाही जोर न लावता आत गेली. "आई, बसली!" डिझेल पंपाच्या पुलीवरची खूणही जुळवून घेतली. त्याआधी जुना बेल्ट काढायची घाई करायची नाही.

पुष्कळ गॅरेजांत पिना नसतात. जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करायच्या, त्या नव्या बेल्टवर उतरवायच्या, झाले. माझे म्हणणे आहे, खुणा जरूर करा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आधीच्या माणसाने बेल्ट एक दात चुकवून बसवला असेल तर तुम्ही त्याची चूक इमानेइतबारे उतरवून घेता. क्रँकच्या पुलीला २० दात धरले तर एक दात म्हणजे १८ अंश. गाडी तरीही चालू होईल, पण धूर करेल, ओढणार नाही, आणि मालक इंजेक्टरवर पैसे घालत बसेल.

नवा बेल्ट हाताळताना तो पिळायचा नाही, दुमडायचा नाही, उलटा करून खिळ्याला लटकवायचा नाही. आतले काचेचे धागे मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तेलाचा हात लागू द्यायचा नाही. क्रँकचे टोक आणि पुलीची तोंडे पुसून, ग्रीस काढून कोरडी ठक्क करायची, कारण तिथे चिकटपणा राहिला तर घट्ट केलेली पुलीही सरकू शकते. मग टेन्शनर. त्याच्यावर एक काटा असतो, तो ॲलन कीने फिरवून खुणेवर आणायचा आणि नट टॉर्क रेंचने आवळायचा. बेल्ट बोटाने दाबून "बरा वाटतोय" म्हणायची पद्धत इथे चालत नाही. सैल राहिला तर दात सुटतो, जास्त ताणला तर पंपाचे आणि टेन्शनरचे बेअरिंग खातो. नंतर दोन्ही पिना काढायच्या, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि इंजिन पान्याने हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवायचे. निदान दोन पूर्ण फेऱ्या, म्हणजे कॅमची एक. कुठे अडले तर तिथेच थांबायचे, जोर करायचा नाही. पिना परत घालून बघायच्या, काटा परत बघायचा, हलला असेल तर पुन्हा बसवायचा. सेल्फ त्यानंतर.

टॉर्क रेंचबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या इंजिनाच्या क्रँक बोल्टला पुस्तकात आधी ठरावीक न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) आणि वर ठरावीक अंश असे दोन टप्पे दिले आहेत. ते उगाच नाहीत. पान्याला लावलेला बराचसा जोर आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच जातो, आणि घर्षण प्रत्येक बोल्टला वेगळे. अंश मोजून फिरवला की बोल्ट ठरावीक इतका ताणला जातो आणि पुलीवर हवा तेवढा दाब येतो. तो बोल्ट एकदा ताणला गेला म्हणूनच पुढच्या वेळी नवा घालायचा. आमच्या कारखान्यात एखादा बोल्ट कमी-जास्त आवळला गेला तर अख्खी लाइन थांबते, सुपरवायझरपासून सगळे धावत येतात. त्याच शहरातल्या गॅरेजात, त्याच शहरात बनलेल्या गाडीचा तोच बोल्ट एअर गनने अंदाजपंचे दाहोदरसे आवळला जातो, आणि कुणाला काही वाटत नाही. याचे मला फार वाईट वाटते. मिस्त्रींना नावे ठेवायची माझी इच्छा नाही. आवाजावरून बेअरिंग ओळखणारे कारागीर आपल्याकडे आहेत. पण गिऱ्हाईक घाई करते, मजुरीत घासाघीस करते, आणि पिना किंवा टॉर्क रेंच विकत घ्यायला त्यांच्या हातात काही उरत नाही. आपणही कधी विचारत नाही की दादा, टॉर्क किती लावला.

ज्यांच्याकडे पुस्तक नाही, पिना नाहीत, सोबत जाणते माणूस नाही, त्यांनी हे काम घरी करू नये. इथे त्या पत्रलेखकांशी मी पूर्ण सहमत आहे. मोबाइलवर चित्रफीत पाहून सुरुवात करणे हे तर अजिबात नको, ती बहुधा वेगळ्या इंजिनाची असते. पण ज्या शहरात सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत आयुष्यभर मायक्रॉन मोजणारी माणसे गल्लोगल्ली राहतात, तिथे घरच्या माणसाने हात लावू नये असा सरसकट नियम करणे मला पटत नाही.

आणखी एक. पंप बदलताना कुलंट काढावे लागते, ते गटारीत ओतू नका. ते विषारी असते, चवीला गोडसर असल्याने कुत्री-मांजरी पितात आणि मरतात. आमच्या भागातल्या नाल्यांचे पाणी नासर्डीला मिळते आणि नासर्डी गोदावरीला. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते जुने ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्यावे.

आता माझी मागणी, गॅरेजवाल्यांकडे, गाड्या विकणाऱ्यांकडे आणि आपल्यासारख्या मालकांकडे. बेल्ट बदलला की वरच्या झाकणावर एक चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर न पुसणाऱ्या पेनाने तारीख, किलोमीटर आणि काय काय बदलले ते लिहा. आमच्या गाडीवर आता बेल्ट, टेन्शनर, पंप, बाहेरचा बेल्ट, क्रँक बोल्ट अशी पाच नावे आहेत आणि खाली किलोमीटर. मालकाने जुने भाग परत मागून घ्यावेत आणि स्वतः फिरवून पाहावेत. जुनी गाडी घेताना आरसी, विमा, पीयूसी आपण चार-चार वेळा तपासतो, त्यात या पट्टीचा किंवा बिलाचा प्रश्न घाला. कागद नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे समजून किंमत ठरवा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, जुन्या टॅक्सी तेव्हा रात्रंदिवस धावतील. त्यांच्या मालकांनी तरी हे आधी करून घ्यावे.

त्र्यंबक रोडवरच्या आपल्या शासकीय आयटीआयलाही विनंती आहे. तिथे मोटार मेकॅनिकचे शिक्षण आहे, वर्कशॉप आहे. छोट्या गॅरेजवाल्यांसाठी आणि हौशी मालकांसाठी लॉकिंग पिना, टॉर्क रेंच आणि अंश मोजण्याची पद्धत एवढ्याच विषयावर सुट्टीच्या दिवशी वर्ग घेता आला तर मी आणि अण्णा विनामोबदला शिकवायला येऊ. आमच्याकडच्या दोन्ही पिना आणि रेंच लोगन किंवा व्हेरिटो असणाऱ्या कुणालाही वापरायला देऊ. आपल्या कार्यालयात माझा पत्ता आहे, विचारणाऱ्याला जरूर द्यावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, सिडको, नाशिक